न विचारता छापलेलं वाक्य

आमच्या संघटनेत पत्रक लिहायची एक रीत आहे. पहिल्या ओळीत माणूस, दुसऱ्या ओळीत अन्याय, मग मागणी, आणि सगळ्यात खाली 'आपले' म्हणून संघटनेचं नाव. माणूस 'मी' म्हणून बोलला पाहिजे. 'तो' म्हणून बोलणाऱ्या पत्रकाची लोक रिक्षा स्टँडवर सुरळी करतात आणि तिने कान खाजवतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हे मला शिकवलं गेलं आणि मी त्यात लवकर तरबेज झाले. पाण्यावर लिहिलं तेव्हा मी कोरड्या नळाखाली हंडा लावून बसलेली बाई झाले. जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर लिहिलं तेव्हा निळ्या बोटांचा कामगार झाले. एकदा तर मी वालधुनी नदी झाले आणि रसायनांबद्दल तक्रार केली. बाई, तू कधी धुलाईच्या पाण्यात हात घातलास का, असं कोणी विचारलं नाही. पत्रक चाललं की झालं.

याच रीतीने मी माझ्या सख्ख्या भावाचं पत्रक केलं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आयटीआय करून अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होता, चांगला होता. मग काम करता करता थांबायला लागला. हातांकडे बघत राहायचा. सुपरवायझरला वाटलं, पोरगा प्यायला लागला. घरी कोणी काही विचारलं तर म्हणायचा, "हात हलतात, पण ते हलवतोय कोण ते उशिरा कळतं." आईने त्याला बदलापूरच्या पुढे तिच्या माहेरी नेलं, तिथल्या भगताने लिंबं कापली, कोंबडं घेतलं. त्यातून काय निघायचं ते निघालं, म्हणजे काही नाही. शेवटी डॉक्टर झाले, स्किझोफ्रेनिया हे नाव झालं, गोळ्या झाल्या.

गोळ्यांनी त्याला ऐकू येणारे आवाज गेले. मी गोळ्यांच्या विरोधात नाही. ज्यांच्या घरात ते आवाज कधी आले नाहीत त्यांनी गोळ्यांच्या विरोधात भाषणं द्यावीत. पण आवाज गेले आणि मूळ दुखणं तसंच राहिलं. तुम्हाला-मला एक गोष्ट फुकटात मिळालेली असते: डोक्यात विचार आला की तो आपलाच आहे, हे तपासायला लागत नाही. दादाला तपासायला लागायचं. त्याच्या अंगाला जणू कडाच नव्हती. डोक्यातलं बाहेर सांडतं आणि लोकांना लागतं, असं त्याला वाटायचं. शेअर रिक्षात बसला की शेजारच्या अनोळखी माणसाला तो आधीच सॉरी म्हणून टाकायचा. घरी सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवायचा, आपले विचार आमच्या ताटात पडू नयेत म्हणून. डॉक्टर विचारायचे, "झोप? भूक? आवाज?" दादा म्हणायचा, "आहे, आहे, नाही." झालं. पुढचा पेशंट. अंगाला कडा नाही याची चौकशी त्या तीन शब्दांत बसत नव्हती.

अंबरनाथ पूर्वेला एका धर्मादाय ट्रस्टचं केंद्र होतं. तिथे दर मंगळवारी एक मानसशास्त्रज्ञ बाई बसायच्या. प्लायवूडचं पार्टिशन, दोन खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. पहिल्या दिवशी मी दादाबरोबर आत गेले. मॅडमनी त्याला विचारलं, "तुम्हाला काय होतं?" आणि मी सांगायला सुरुवात केली. मुद्देसूद, सुरुवातीपासून, व्यवस्थेच्या दोषांसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तुमचं झालं. आता तुम्ही बाहेर बसा."

मला राग आला. बाहेरच्या बाकावर बसून मी मनात त्यांच्यावरच एक पत्रक रचलं.

दादा त्याला थेरपी म्हणायचा नाही. "मंगळवारी बसायला जातो," म्हणायचा. आत काय चालायचं ते मला त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मॅडम त्याच्या मनातलं कधी ओळखायच्या नाहीत. तो म्हणायचा, तुम्हाला माहीतच असेल मी काय विचार करतोय. त्या म्हणायच्या, "मला नाही माहीत. तुम्ही सांगाल तेवढंच मला कळतं." दर आठवड्याला हेच. कधी त्या अंदाज करायच्या आणि मुद्दाम विचारायच्या, "चुकलं का माझं?" चुकलं असेल तर चुकलं म्हणायला त्याला कित्येक मंगळवार लागले. मग, रिक्षात काय झालं, तुम्ही कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं, तेव्हा तुमच्या मनात काय आलं, त्याला ते कळलं असं कशावरून वाटलं. एकेका रिक्षेवर महिना. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की दोन माणसं टाइमपास करतायत.

एका मंगळवारी तो परत आला आणि म्हणाला, "आज मी मॅडमना एक गोष्ट सांगितली नाही."

आई म्हणाली, "मंग गेलास कनाला? एवरा लांब जाऊन गप बसून आला, बघ गो बाय तुजा भाव."

"मी म्हटलं, आज एक गोष्ट आहे, पण सांगणार नाही. त्या म्हणाल्या, छान. मग आम्ही चहा प्यालो."

त्या दिवशी तो आमच्याबरोबर जेवायला बसला. आईच्या शेजारी, ताटाला ताट लागून. आईने उगाच भात जास्त वाढला. ज्या माणसाचं सगळं सांडत होतं, त्याच्याकडे आता न सांगितलेली एक गोष्ट होती आणि ती दिवसभर आत टिकली होती. मॅडमनी ते सावकाश केलं होतं आणि त्याचा फोटो काढता येत नव्हता.

पुढे त्याला शेजारच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यात काम मिळालं. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचे. फिटरच्या हाताला ते काम म्हणजे अपमान, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "धागा कापला की कापला जातो, बाय. बरं वाटतं." चार-पाच उत्तर प्रदेशातले कारागीर होते, त्यांच्याबरोबर तो दुपारी डबा खायचा. त्याला ते 'फिटर भाई' म्हणायचे.

त्याच काळात एका रविवारी सकाळी आम्ही दोघं गच्चीवर बसलो होतो. आईने जवला, ती बारीक कोळंबी, वाळत घातला होता आणि कावळे हाकायचं काम आमच्याकडे होतं. दादाने मला एक वाक्य सांगितलं. पाणी पिण्याबद्दल होतं. त्याला आतून कसं वाटतं ते त्याने त्या एका वाक्यात असं काही बसवलं होतं की माझ्या हातातली काठी तशीच राहिली आणि कावळ्याने जवला नेला. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. या लेखातलं बाकीचं त्याने पेन घेऊन वाचलं आहे, आणि ओळखीच्या खुणा बदलल्यावरच छापायला हो म्हटलं आहे. दोन परिच्छेद काढायला लावले, ते काढले. 'पाणी पिण्याबद्दल' एवढं राहू दे म्हणाला, म्हणून आहे.

पावसाळ्यानंतर ट्रस्टने ठरवलं की मंगळवार बंद करायचा. मी एका विश्वस्तांना भेटायला गेले. निवृत्त माणूस, अंगात स्वच्छ सदरा, समोर चिवड्याची बशी.

"बाळा, या आजाराला गप्पांनी काय होतं? गोळी लागते. गोळी आम्ही देतोच आहोत."

"माझ्या भावाला झालंय ना काका."

"काय झालंय? कामाला लागला, ते गोळीमुळे."

"तो आईच्या शेजारी बसून जेवतो."

ते हसले. दुष्टपणाने नाही, कौतुकाने हसले. आणि म्हणाले, "घे, चिवडा घे." आईच्या शेजारी बसून जेवणं हा पुरावा कुठल्या रकान्यात भरायचा? मी घरी येईपर्यंत धुमसत होते. गरिबाला गोळी, आणि आपल्या दुःखावर बोलायला खुर्ची मिळणार ती पैसेवाल्याला. स्किझोफ्रेनिया झालेल्या गरिबाला तर बोलण्यासारखं काही असतं हेच यांना मान्य नाही. हे सगळं खरं होतं. आजही खरं आहे. मी संतापाने लिहायला बसले आणि पहिल्या ओळीत माणूस हवा होता.

मी ते वाक्य घातलं. अवतरणात, 'मी' करून. नाव घातलं नाही, गाव घातलं नाही, मला वाटलं पुरे. खोटं का बोलू, तेवढासुद्धा विचार केला नाही. मला फक्त ती ओळ दिसत होती आणि ती ओळ चालणार होती.

कॅम्प दोनमधल्या प्रेसचे सिंधी अंकल आमची पत्रकं नेहमी छापतात. मजकूर वाचल्याशिवाय ते छापत नाहीत आणि वाचला की टोमणा मारल्याशिवाय राहत नाहीत. यावेळी टोमणा नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ये बंदा कौन है?"

"है एक, अंकल."

"उससे पूछ के डाला है ना?"

"हाँ हाँ, पूछा है."

"ठीक है साईं, फिर डाल देता हूँ. वो ऊपर वाली लाइन मोटी कर दूँ?"

मी म्हटलं, करा.

पत्रक चाललं. कधी कुठलं चाललं नव्हतं तसं चाललं. अंबरनाथ स्टेशनबाहेर, बदलापूरच्या भाजीबाजारात, शहाडच्या कंपनीच्या गेटवर आमच्या पोरांनी वाटलं. लोकांनी घडी न करता वाचलं. फोटो काढून ग्रुपवर टाकले. विश्वस्तांना फोन जायला लागले आणि ट्रस्टने सांगितलं की मंगळवारबद्दल फेरविचार करू. संघटनेचे आमचे मोठे कार्यकर्ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पत्रक असं लिहितात, शिका." मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी दादा दुपारीच घरी आला. पत्रक चार घड्या करून खिशात होतं. ते त्याने माझ्यासमोर टेबलावर सपाट केलं. कारखान्यात कोणीतरी आणलं होतं, एकाने डब्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि बाकीचे हसले होते. वाईट माणसं नाहीत ती. पाणी पिण्याबद्दल असं काही ऐकलं तर कोणीही हसेल. एकाने ग्लास उचलून विचारलं होतं, "बोल फिटर भाई, अभी कौन पी रहा है?" दादाकडे बघून विचारलं, कारण तो शेजारी बसला होता, एवढंच. त्याला काही ठाऊक नव्हतं. पण दादाने स्वतःचं, आतलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि ऐकणारे त्याच्याकडेच बघत होते.

"हे तुला कसं कळलं?" त्याने मला विचारलं.

"तू सांगितलंस ना दादा. गच्चीवर."

"मी सांगितलं, की तुला ऐकू आलं?"

"सांगितलंस रे. जवला राखत होतो आपण."

"मग त्यांना कसं कळलं?"

"मी छापलं."

मला दिसत होतं की माझं उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. माझ्या 'मी छापलं'पेक्षा त्याचं जुनं उत्तर जास्त पटणारं होतं: सांडलं, पुन्हा सांडलं, आता तर छापून आलं. त्या संध्याकाळी तो आमचं जेवण होईपर्यंत बाहेर थांबला. कामावर गेला नाही. मंगळवार आला, बसायलाही गेला नाही. मी ज्या मंगळवारासाठी लढत होते त्या मंगळवारी त्याची खुर्ची रिकामी होती.

मी मॅडमकडे गेले. त्या माझ्यावर ओरडतील अशी माझी तयारी होती. त्या ओरडल्या नाहीत, पत्रक वाचलं होतं एवढंच म्हणाल्या. ते जास्त झोंबलं.

"त्याने तुम्हाला यातलं काही सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"ते त्यांचं आहे. तुम्हाला नाही सांगणार."

"मग मी काय करू? माफी मागू?"

"माफी तुमच्यासाठी असते. त्यांना हे कळायला हवं की ते वाक्य सांडलं नाही. तुम्ही घेतलंत. न विचारता, हाताने. तेवढंच सांगा आणि समजावत बसू नका. तुम्हाला समजवायची सवय आहे."

मी घरी आले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. तुझ्या डोक्यातून काही बाहेर गेलं नाही. तू विश्वासाने सांगितलंस, मी ते चोरलं. प्रेसवाल्या अंकलनी विचारलं होतं, तर त्यांना खोटं सांगितलं की तुला विचारलंय. हे सगळं माझ्या हातांनी झालं.

त्याचा चेहरा हळूहळू बदलला आणि तो चिडला. दादा चिडला. आजार झाल्यापासून मी त्याला घाबरलेला बघितलं होतं, थिजलेला बघितलं होतं, माझ्यावर चिडलेला कधी नाही. त्याने मला अशी शिवी दिली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"चोर आहेस तू. माझं होतं ते."

"हो."

"कारखान्यात जा आणि त्यांना सांग."

"काय सांगू? तुझं होतं असं सांगितलं तर..."

"माझं नाही सांगायचं. सांग की तू बनवलंस. मनाने रचलंस. असा कोणी माणूस नाही म्हणून सांग. मग ते माझ्याकडे बघणार नाहीत आणि वाक्य परत माझ्याकडे येईल."

मी त्याला समजावलं. मॅडमनी नको म्हटलं होतं तरी समजावलं. दादा, मी असं सांगितलं की ते ट्रस्टपर्यंत जाणार. ते म्हणतील पत्रक खोटं. मंगळवार जाईल. तिथे तू एकटाच बसत नाहीस, अजून पाच-सहा जण येतात, बदलापूरहून एक मुलगी येते, तिचा बाप तिला हाताला धरून आणतो. त्यांचं काय?

त्याने शांतपणे ऐकलं. "मुलीचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण ते तू आधी बघायचं होतंस. वाक्य माझं आहे."

ते 'माझं' ऐकायला मॅडम कित्येक मंगळवार त्या पंख्याखाली बसल्या होत्या. आणि त्या शब्दापायी मंगळवार जाणार होता. मला त्या क्षणी मॅडमचा, दादाचा, विश्वस्तांचा, सगळ्यांचा राग आला आणि सगळ्यात जास्त त्या रीतीचा, जिच्यात पहिल्या ओळीला माणूस लागतोच.

मी गेले. दुपारी डब्याच्या वेळी. कारागीर पँटींच्या ढिगाला टेकून बसले होते. मी म्हटलं, "वो पर्चा मैंने लिखा था. ऐसा कोई आदमी नहीं है. लाइन मैंने बनाई थी."

एकजण म्हणाला, "हमको तो पहले ही लगा था बहनजी, ऐसा भी कोई सोचता है क्या." दुसऱ्याने मला लोणचं देऊ केलं. दोन मिनिटांत ते दुसऱ्या विषयावर गेले होते. पुढच्या आठवड्यात दादा कामावर परतला आणि मंगळवारी बसायलाही गेला.

मग जे व्हायचं ते झालं. कारखान्यातल्या कोणाचा तरी शेजारी आमच्याच संघटनेत होता. तिथून ते फिरत विश्वस्तांकडे गेलं. ट्रस्टच्या पत्रात सभ्य मराठीत लिहिलं होतं की सदर पत्रकातील रुग्ण काल्पनिक असल्याचे लेखिकेने स्वतः कबूल केले असून फेरविचाराचे कारण उरत नाही. संघटनेने मला बोलावलं. मोठे कार्यकर्ते म्हणाले, "खरा होता की नव्हता ते एकदा सांग. खरा असेल तर आपण त्याला सभेत उभा करू, यांची तोंडं बंद होतील."

त्यांच्या डोळ्यांत मला तीच चमक दिसली जी लिहिताना माझ्या डोळ्यांत असणार. मी म्हटलं, नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे पत्रकांचं काम नाही. बॅनर बांधायला बोलावतात.

मंगळवार महिनाअखेरीला बंद झाला. शेवटच्या वेळी मी केंद्राच्या दाराशी थांबले होते, कारण मला मॅडमना काहीतरी म्हणायचं होतं, काय ते ठरलं नव्हतं. दादा बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय बोललात? "तुला कशाला?" तो म्हणाला आणि एकटाच रिक्षात जाऊन बसला. आता मॅडम ठाण्याच्या पलीकडे कुठेतरी बसतात. दादा महिन्यातून एकदा एकटा जातो. कधी जात नाही. जात नाही त्या महिन्यात तो ताट घेऊन भिंतीकडे सरकतो, आई बघते, मी बघते. मला तो आता स्वतःबद्दल काही सांगत नाही. सांगू नयेच.

मागच्या महिन्यात बदलापूरच्या बाजारात एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी त्याला ओळखलं, त्या मुलीचा बाप. हात मोकळे होते, मुलगी बरोबर नव्हती.

"तुम्हीच ना त्या? खोटं पत्रक काढलंत त्या?"

"हो."

"तिला आता घराबाहेर काढता येत नाय. खोलीतून पण नाय. दोन वर्षं घेऊन जात होतो मी." तो ओरडत नव्हता. "खोटं कशाला लिहायचं ताई? खरी माणसं नव्हती का तिथं? माझ्या पोरीचं लिहायचं. मी दिला असता मजकूर."

माझ्याकडे उत्तर होतं. मुद्देसूद, तीन वाक्यांत. ते दिलं असतं तर तो माझ्यावर चिडला नसता, विश्वस्तांवर चिडला असता, आणि तेच योग्य होतं. पण त्या तीन वाक्यांतलं पहिलं दादाचं होतं.

"चुकलं काका," मी म्हटलं.

तो अजून काही ऐकायला थांबला होता. भाजीवाली आम्हा दोघांकडे बघत होती. मी माठाची जुडी पिशवीत घातली आणि निघाले.